पळसाला पाने तीन, पण पाहिली कुणी?

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीच्या मुलांना मी उर्दूत 'मौसम-ए-बहार' हा निबंध दिला होता. जवळजवळ सगळ्या वह्यांत एकच निबंध होता, गाइडमधला. बर्फ वितळतो, नर्गिस आणि लाला फुलतात, बुलबुल गुलाबाशी बोलतो. एका मुलाने मात्र लिहिले होते, "बहार में पत्ते गिरते हैं. धूप तेज़ हो जाती है. बिना पत्तों के झाड़ को लाल फूल आते हैं." मी पहिल्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि दोन गुण कापले. बहारमध्ये कधी पाने गळतात का?

गळतात. आमच्या वऱ्हाडात गळतात. फेब्रुवारी-मार्चात साग उघडा पडतो, पळसही उघडा पडतो आणि त्याच निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुले पेटतात. त्या पोराने डोळ्यांनी पाहिलेले लिहिले होते. मी तपासत होते इराणचा वसंत. ते दोन गुण मला अजून टोचतात.

गैरसमज नको. उर्दू शायरीतली बहार फारसीतून आली, ती सुंदर आहे आणि मी ती आजही जीव लावून शिकवते. पण शायरीतला बुलबुल वेगळा पक्षी, आणि आमच्या कुंपणावर बसणारा काळ्या तुऱ्याचा, शेपटीखाली लाल ठिपका असलेला बुलबुल वेगळा. मुलाला दोन्ही माहीत असावेत. नुसता पहिलाच माहीत असेल तर त्याच्याकडे शब्द आहे, पक्षी नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. दोन्ही विषयांत एक म्हण येते. उर्दूत 'ढाक के तीन पात', मराठीत 'पळसाला पाने तीन'. झाड एकच. मुले दोन्हींचा अर्थ घोकून गुण मिळवतात. एका वर्षी सहज विचारले, हे झाड कुणी पाहिले आहे? तीन हात वर आले. पळस होता शाळेच्या मागच्या गायरानात, भिंतीपासून शंभर पावलांवर. दुसऱ्या दिवशी वर्ग तिकडे नेला. नवी पालवी फुटू लागली होती. एका मुलीने पान उलटेसुलटे करून पाहिले आणि ओरडली, "मॅडम, इसको तो सच्ची में तीनच पत्ते हैं!" इतकी वर्षे ती म्हण शिकवत होते, ती कुणाला समजली असे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले.

तेव्हापासून दर वर्षी माघ-फाल्गुन लागला की आठवड्यातून एकदा वीस मिनिटे आम्ही बाहेर जातो. प्रत्येकाचे एक झाड ठरलेले. कडुलिंबाची कोवळी तांबूस पाने, आंब्याचा मोहर, काटेसावरीची लाल फुले आणि त्यांवर भांडणारे पक्षी. आधी दोन मिनिटे डोळे मिटायचे आणि आवाज मोजायचे. एकदा लांबून 'टुक टुक टुक' असा एका ठेक्यातला आवाज येत होता. ज्याच्या अब्बांचे गॅरेज आहे तो मुलगा म्हणाला, "कोई डेंटिंग कर रहा." सगळे हसले. पण मराठीत त्या पक्ष्याला नावच मुळी तांबट आहे, तांब्याची भांडी ठोकणारा. पोराचा कान त्या नावापर्यंत स्वतःहून पोहोचला होता.

एक चूक मीही केली. सुरुवातीला परत आल्यावर दहा ओळी लिहून आणायला सांगायचे. दोन आठवड्यांत मुले झाडाकडे बघायची सोडून शेजाऱ्याच्या वहीत बघू लागली. आता लिहायला सांगत नाही. ज्याला सांगावेसे वाटते, तो सांगतो.

तक्रारी येतात. अभ्यासक्रम कधी संपवणार, ही शाळेतली. मुलीला चिंचेखाली नेऊ नका, असर होतो, ही एका आईची. त्यांच्याशी वाद घातला नाही. पुढच्या वेळी त्यांनाच सोबत बोलावले. त्यांना पाखरांची नावे माझ्यापेक्षा जास्त येत होती. "आपल्यात कुठे हे पक्षी-बिक्षी बघतात?" असेही एकांनी विचारले. देशातले सर्वांत नावाजलेले पक्षितज्ज्ञ सालिम अली आपल्याच मुंबईतले. लहानपणी एअरगनने मारलेली एक चिमणी त्यांना वेगळी वाटली, गळ्यावर पिवळा डाग असलेली. मामांनी "सोड रे" न म्हणता त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पक्ष्यांनी भरलेले खण एकेक करून उघडून दाखवले. मला या गोष्टीत मुलापेक्षा ती दोन मोठी माणसे महत्त्वाची वाटतात.

यंदा रमजान फेब्रुवारी-मार्चात आला. चांद्रवर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून तो साधारण 33 वर्षांनी त्याच ऋतूत परततो. मागच्या खेपेला मी सातवीत होते. सहरीला घर जागे असते, आणि दयाळ पक्षी गातो ती वेळही तीच, उजाडण्याआधीची. मुलांना एवढेच विचारले होते: तुमच्या गल्लीत पहिला पक्षी फज्रच्या अजानीआधी बोलतो की नंतर? एकजण कोकीळ म्हणतो, तीही आधी. दुसरी म्हणते दयाळ, आणि नंतर. तिसऱ्याच्या घरी कोंबडा आहे, त्यामुळे तो कुणाचेच ऐकत नाही. ईदनंतर शाळा भरली तरी हे भांडण मिटलेले नाही.