कोंकणची सहल आणि पंचांग

कोंकणच्या सहलीस गाडीच्या वेळापत्रकाइतकेंच पंचांगहि लागतें, असें म्हटल्यास वाचक हंसतील. गेल्या वर्षीं आम्हीहि हंसलों असतों! हेदवीस समुद्रकांठच्या कातळांत बामणघळ नांवाची अरुंद भेग आहे. ऐन भरतींत लाट तींत कोंडते आणि पाणी उंच उसळतें. ती पाहण्याची आत्याबाईंना फार दिवसांची हौस. संकष्टी साधून दशभुज गणेशाचें दर्शन घेतलें, नऊच्या सुमारास घळीशीं पोंचलों, तों ऐन ओहोटी! गांवांतील एका वृद्धांनीं हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट ती पूर्ण भरतीची साधारण वेळ, चतुर्थीस 3, अष्टमीस 6. पण आमची परतीची गाडी दुपारचीच. सत्तरीच्या आत्याबाई एवढेंच म्हणाल्या, "आतां पुन्हां कुठलें येणें!"

यंदा तीन दिवस ठरविले आहेत, मधला चतुर्थीचा. दाभोळहून फेरीबोटीनें वासिष्ठीची खाडी ओलांडून धोपावें, तेथून गुहागरीं मुक्काम. दुसरे दिवशीं सकाळीं व्याडेश्वर, दुपारीं अडीचला हेदवी. तिसरे दिवशीं जमल्यास वेळणेश्वर. भरतींत कातळ निसरडा होतो. मुलांना घळीच्या कांठाशीं मुळींच जाऊं देऊं नये. पंचांग आत्याबाईंनीं स्वतःच्या पिशवींत ठेवलें आहे.