जाळे उचलले, पण कापले कोणी?

काही कलाकृती सर्वांना पाठ असतात आणि तरीही त्यांचे कर्ते कोणाला ठाऊक नसतात. फिल्म्स डिव्हिजनने १९७४ साली निर्माण केलेला ‘एक अनेक और एकता’ हा संगीतमय ॲनिमेशनपट त्यांपैकी एक होय. दूरदर्शनच्या काळात ज्यांचे बालपण गेले, अशा कोणत्याही गृहस्थापुढे त्याचे नाव उच्चारावे. तो तत्काळ त्यातील चाल गुणगुणू लागेल. मात्र हा चित्रपट कोणी केला, असे विचारताच तोच गृहस्थ निरुत्तर होईल. दहा मिनिटांहूनही लहान अशा या कृतीची नामावली आज आपण उघडून पाहू. तिच्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि तिच्या कथेत व्यापारी कुटुंबांनी विचारात घ्यावे असे बरेच काही आहे.

चित्रपटाच्या दिग्दर्शिका विजया मुळे. मुंबईत जन्मलेल्या या विदुषींनी आयुष्यभर शिक्षण आणि चित्रपट यांचा मेळ घातला. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. चित्रे हलती करण्याचे काम भीमसेन यांनी केले. पुढे ‘घरौंदा’ (१९७७) या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून ते सर्वांना परिचित झाले. गीत पं. विनयचंद्र मौद्गल्य यांचे. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेत घडलेल्या या संगीततज्ज्ञांनी १९३९ साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय स्थापन केले होते. गाणारा बालस्वर होता साधना सरगम यांचा. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळची ही कन्या तेव्हा अगदी लहान होती.

आणि संगीत होते वसंत देसाई यांचे. सिंधुदुर्गाच्या मातीतील हा संगीतकार ‘प्रभात’च्या छायेत वाढला. ‘अमर भूपाळी’ आणि ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटांचे संगीत त्यांचेच. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या चित्रपटांतील त्यांच्या प्रार्थना देशभरातील शाळांत आजही म्हटल्या जातात. लहान मुलांच्या गळ्याला पेलेल, सर्वांना एकत्र म्हणता येईल आणि तरीही सवंग होणार नाही अशी चाल बांधणे ही त्यांची सिद्धी होती. हा चित्रपट पूर्ण झाल्यानंतर थोड्याच काळात, डिसेंबर १९७५ मध्ये, एका अपघातात त्यांचे निधन झाले.

अशा छोट्या संगीतमय चित्रपटांची परंपरा समजून घ्यायची तर थोडा वेळ अमेरिकेत जावे लागेल; कारण त्या कथेत कर्ज आहे, भागभांडवल आहे आणि मंदीही आहे. वॉल्ट डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’ने १९३७ नंतर उदंड यश मिळवले. त्या यशाच्या बळावर कंपनीने मोठा स्टुडिओ उभारला आणि महागडे चित्रपट हाती घेतले. तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले, युरोपची बाजारपेठ बंद पडली आणि ‘पिनोकियो’ व ‘फँटासिया’ पहिल्या प्रदर्शनात तोट्यात गेले. १९४० साली कंपनीला प्रत्येकी २५ डॉलर दर्शनी मूल्याचे अग्रहक्क भाग विक्रीस काढावे लागले. बँक ऑफ अमेरिकेचे कर्ज पुढे चाळीस लाख डॉलरच्याही वर गेले. अशा स्थितीत संपूर्ण लांबीचा महागडा चित्रपट काढणे परवडणारे नव्हते.

तेव्हा डिस्नेने छोट्या छोट्या गीतचित्रांच्या माळा गुंफल्या. १९४६ सालच्या ‘मेक माइन म्युझिक’मध्ये अशी दहा स्वतंत्र चित्रे होती. कोठे बेनी गुडमनचे जॅझ, कोठे प्रोकोफिएव्हचे ‘पीटर अँड द वुल्फ’, तर कोठे ऑपेरात गाण्याचे स्वप्न पाहणारा देवमासा. १९४८ साली त्याच धर्तीवर ‘मेलडी टाइम’ आला. आज डिस्नेच्या थोर चित्रपटांच्या यादीत या दोहोंचे नाव क्वचितच घेतले जाते. तथापि पडत्या काळात याच किरकोळ मालाने दुकान उघडे ठेवले आणि कारागिरांचे हात चालते ठेवले. ते हात शाबूत होते, म्हणूनच १९५० साली ‘सिंड्रेला’ निर्माण होऊ शकला आणि कंपनी सावरली. हंगाम वाईट असताना लहान माल विकून गुमास्त्यांना सांभाळणारा व्यापारी आपल्या मोंढ्यातही आढळतो.

त्याच डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईत आले. फिल्म्स डिव्हिजनमध्ये नुकताच कार्टून विभाग सुरू झाला होता. जी. के. गोखले, राम मोहन आदी कलावंत वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. महाराष्ट्राला ही कला सर्वस्वी नवीन नव्हती. दादासाहेब फाळके यांनी १९१५ सालीच ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवून दाखवल्या होत्या. परंतु एका छताखाली शिस्तीने चालणारे शिक्षण मिळाले ते येथे. या विभागाच्या आरंभीच्या चित्रपटांत ‘द बॅनियन डीअर’ विशेष उल्लेखनीय आहे. दुसऱ्या कळपातील गर्भवती हरिणीऐवजी स्वतःची मान पुढे करणाऱ्या मृगराजाची ही जातककथा. राजा विरघळतो आणि साऱ्या प्राण्यांना अभय देतो. अभयदानाची महती बाळपणापासून ऐकलेल्या आपल्या वाचकांना ती परकी वाटणार नाही. भीमसेन यांनीही चित्रकार म्हणून याच संस्थेत उमेदवारी केली होती.

आता ‘एक अनेक’च्या कथेकडे वळू. मोठी बहीण धाकट्यांना ‘एक’ आणि ‘अनेक’ यांतील भेद समजावते आणि गोष्ट सांगते. दाण्यांच्या लोभाने पाखरे पारध्याच्या जाळ्यात अडकतात. प्रत्येकाने वेगळी धडपड केली तर सुटका नाही, म्हणून सर्वजण एकदम उडतात आणि जाळेच घेऊन जातात. पुढे त्यांचे मित्र असलेले उंदीर ते जाळे कुरतडतात.

या गोष्टीचे तात्पर्य म्हणून आपण ‘एकी’ एवढेच सांगून थांबतो. परंतु नीट पाहावे. एकीने जाळे उचलले गेले, तुटले नाही. जाळे तोडण्यासाठी दात लागतात आणि पाखरांना दात नसतात. ते काम निराळ्या कुळातील, निराळ्या गुणाच्या मित्राने केले. ही गोष्ट ज्या पंचतंत्रातून आली, तेथे आणखी एक मर्म आहे. कपोतांचा राजा चित्रग्रीव मूषक हिरण्यकाला विनवतो की, माझे पाश नंतर तोड, आधी माझ्या परिवाराचे तोड.

बँकेत कर्जविभाग सांभाळताना गुलमंडी, सराफा आणि शहागंजातील अनेक भागीदारी पेढ्यांची कागदपत्रे मी अभ्यासली. भावाभावांत प्रेम नव्हते म्हणून पेढी फुटली, असे फारच थोड्या वेळा घडले. संकटात सर्वजण एकजुटीने उडालेही होते. अडचण यायची ती पुढे, जाळे पायांत तसेच राहिल्यामुळे. भागीदारीचा करार जुना, कोणाचा वाटा किती ते केवळ तोंडी, भागीदार निवृत्त झाला वा निवर्तला तर काय, याचा कोठे उल्लेख नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ४२ अन्वये, करारात वेगळी तरतूद नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढीच विसर्जित होते. वडील गेल्याच्या दुःखातच खाती, कर्जे आणि नातीही गोठलेली मी पाहिली आहेत. अशा वेळी वेळीच करार तपासणारा सनदी लेखापाल, निःस्पृह वकील किंवा दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला मध्यस्थ हाच आपला हिरण्यक. आणि घरातील वडीलधाऱ्याने चित्रग्रीवासारखे म्हणावयास हवे की, माझा वाटा शेवटी ठरवा, धाकट्याच्या विधवेचा आणि अज्ञान मुलाचा आधी ठरवा. ज्या घरांत हे म्हटले गेले, तेथे वाटण्या झाल्या तरी दिवाळीचा फराळ एकत्र होत राहिला.

हा चित्रपट स्वतःदेखील असाच घडला. मुंबईची दिग्दर्शिका, कोकणचे सूर आणि दिल्लीचा गीतकार यांच्या जोडीला अमेरिकेहून आलेली विद्या होती. कोणा एकाचे नाव मोठे झाले नाही. गीत मात्र साऱ्या देशाच्या मुखी राहिले. फिल्म्स डिव्हिजन ही संस्था २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिच्या अनेक छोट्या चित्रपटांप्रमाणे हाही आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सहज पाहता येतो. येत्या सुटीत नातवंडांना जवळ घेऊन तो अवश्य दाखवावा. पाखरे उडाली की मुले टाळ्या वाजवतील. तेव्हा थोडे थांबवून त्यांना विचारावे, “जाळे कोणी कापले?” आणि मुले झोपल्यावर भागीदारीच्या कराराची फाइल कपाटातून खाली काढावी.