आधी माझी मूठ सोडा

कुणाला काही जमत नसलं की सल्ला देणाऱ्याची नजर आधी त्याच्या हातांकडे जाते. बॅट अशी नको, तशी धर. पेन जरा वर पकड. रॅकेटवरचा अंगठा सरळ ठेव. पाय कुठे आहेत, वजन कुठे पडलंय, माणूस दमलाय का, घाबरलाय का, हे नंतर. बहुतेक वेळा ते 'नंतर' येतच नाही. हा लेख त्या नजरेविरुद्ध आहे. मी तो वॉटर स्कीइंगच्या निमित्ताने लिहितोय, कारण त्या नजरेची किंमत मी तिथे मोजली. एक अख्खा उन्हाळा आणि उजवं कोपर.

स्लालम स्कीइंग आपल्याकडे फारसं कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून आधी खेळ सांगतो. बोट ठरलेल्या वेगाने नाकासमोर सरळ जाते. तिच्या दोरीच्या टोकाला एक दांडी असते आणि ती धरून एकाच स्कीवर उभा राहिलेला माणूस मागून नागमोडी जातो. वाट २५९ मीटरची. सुरुवातीला आणि शेवटी बोयांची एकेक 'फाटक'जोडी. मध्ये सहा बोये, एक उजवीकडे, एक डावीकडे, असे आलटून पालटून, प्रत्येक मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर. सहाही बोयांना बाहेरून वळसा घातला की फेरी पूर्ण. मग वेग वाढतो, पुरुषांसाठी जास्तीत जास्त ताशी ५८ किलोमीटर, बायकांसाठी ५५. त्यानंतर वेग तोच ठेवून दोरी कापायला सुरुवात होते. १८.२५ मीटर, १६, १४.२५, १३, १२, ११.२५...

इथे थांबा आणि आकडे पुन्हा वाचा. बोया ११.५ मीटरवर आणि दोरी ११.२५ मीटरची. म्हणजे दोरी बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर लांबवलेला हात आणि पाण्यावर जवळजवळ आडवं झालेलं शरीर भरून काढतं. जगातले अव्वल खेळाडू तर ९.७५ मीटरच्या दोरीवर बोये वळतात. मी त्यांच्या आसपासही नाही. मी ताशी ४९ किलोमीटरवर, १६ मीटरच्या दोरीवर झगडणारा हौशी माणूस आहे. या वेगाला दर तीन सेकंदांनी एक बोया येतो. तीन सेकंदांत मागचं वळण संपवायचं, बोटीमागच्या लाटा कापून पलीकडे जायचं आणि पुढचं वळण घ्यायचं.

आता मूठ. दोन्ही तळवे खाली ठेवून दांडी धरली की ताण वाढल्यावर ती बोटांतून घरंगळते. म्हणून स्लालमवाले ती फावड्याच्या दांड्यासारखी धरतात, एक तळवा वर, एक खाली. दोन हात एकमेकांच्या विरुद्ध असल्याने दांडी फिरत नाही. इथपर्यंत वाद नाही. वाद आहे तो वरचा तळवा कुठला, डावा की उजवा, यावर. कुणी म्हणतं, स्कीवर पुढे कुठला पाय आहे त्यावरून ठरवा. कुणी म्हणतं, जोरकस हात वर. कुणी म्हणतं, ज्या बाजूचं वळण कच्चं आहे तिथून ठरवा. तलावावरच्या तीन जाणत्यांना विचारा, तीन उत्तरं मिळतील आणि प्रत्येकावर भौतिकशास्त्राचा मुलामा असेल.

नोकरीच्या निमित्ताने मी मध्य फ्लोरिडात राहतो. हे या खेळाचं पंढरपूर. विंटर हेवनला १९३६ साली सायप्रस गार्डन्स सुरू झालं आणि तिथल्या स्की-शोंनी हा खेळ अमेरिकाभर नेला. आज त्या जागी लेगोलँड आहे, पण आजूबाजूच्या तलावांवर बोये अजून तरंगतात. तिथे मी शिकलो. पहिल्याच दिवशी दांडी हातात आली तेव्हा माझा डावा तळवा वर गेला. मी ठरवलं नव्हतं. तो गेला.

दोन वर्षांनी मी तिसऱ्या बोयावर अडकलो. फेरीमागून फेरी, तिसऱ्यालाच पाण्यात. ज्यांच्याकडे शिकत होतो त्या प्रशिक्षकांनी दोन फेऱ्या पाहिल्या आणि निदान केलं : मूठ चुकीची. डावा तळवा वर असल्यामुळे उजवीकडच्या वळणात खांदा बंद होतो. उजवा वर घे. एक महिना वाईट जाईल, मग बघ.

मी ऐकलं. मुकाट ऐकलं. त्याचं कारण पुढे सांगतो.

महिना वाईट गेला, दुसराही गेला. का, ते समजून घ्यायला थोडी यंत्रणा बघावी लागेल. प्रत्येक बोयापाशी बाहेरचा हात सुटतो आणि आतला, बोटीकडचा हात एकटा दांडी धरतो. वळण संपताना सुटलेला हात परत येतो. उजवीकडच्या बोयावर माझा उजवा हात सुटायचा. आता तो परत येताना तळवा वर करून यायला हवा होता. पहिल्या बोयानंतर लक्षात असायचं. तिसऱ्यापर्यंत दम लागलेला, पाणी डोळ्यांत, आणि हात दोन वर्षांच्या सवयीने तळवा खाली करूनच यायचा. डावा आधीच खाली. म्हणजे दोन्ही खाली. म्हणजे दांडी घरंगळली आणि मी पाण्यात. ज्या चुकीवर उपाय म्हणून मूठ बदलली ती चूक तशीच राहिली आणि वर एक नवी चूक आली.

मग कोपर. वळणातून फार झटकन बोटीकडे आलात की दोरी ढिली पडते आणि पुढच्याच क्षणी बोट ती ढील हिसक्याने ताणते. तो हिसका मी तळवा वर असलेल्या, अर्धवट वाकलेल्या उजव्या हातावर झेलत होतो. जिमला जाणाऱ्यांना हे कळेल. डेडलिफ्टमध्ये उलटसुलट मूठ धरतात तेव्हा बायसेप्सचा कोपराकडचा स्नायुबंध तुटतो तो तळवा वर असलेल्या हाताचा, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. माझा तुटला नाही. दुखावला. ऑगस्टमध्ये चहाचा कप उचलताना हात थरथरला, तेव्हा मी थांबलो.

थांबल्यावर मी ते केलं जे कामावर पहिल्या दिवशी केलं असतं. लॉग पाहिले. बोटीतून फोनवर घेतलेले जुने व्हिडिओ होते, मूठ बदलण्याआधीचे. एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितले. तिसऱ्या बोयावर पडताना मूठ ठीक होती. दुसऱ्यावर मला उशीर झालेला होता. पहिल्यावर थोडा कमी, पण उशीरच. आणि मुळात फाटकात शिरण्याआधी मी डावीकडे बाहेर पडायलाच उशीर करत होतो आणि पुरेसा बाहेर जातही नव्हतो. त्यामुळे फाटकातून जाताना कोन कमी, आणि कोन कमी म्हणून पहिला बोया उशिरा. ताशी ४९ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेतेरा मीटर. ०.२ सेकंदांचा उशीर म्हणजे पावणेतीन मीटर. तो भरून काढायला मी वळण घाईने तोडायचो, दोरी ढिली पडायची, हिसका बसायचा. तिसऱ्या बोयापर्यंत कर्ज इतकं साठायचं की पडणं अटळ. बग पहिल्या ओळीत होता, एरर तिसाव्या ओळीत दिसत होता, आणि आम्ही तिसाव्या ओळीतला फॉन्ट बदलत बसलो होतो.

कोपर बरं झाल्यावर मी जुन्या मुठीने परत गेलो आणि बाहेर लवकर पडायला लागलो. चौथ्या दिवशी सहाही बोये झाले. नव्या मुठीनेही कदाचित झाले असते. माझा मुद्दा तोच आहे. मूठ हा प्रश्नच नव्हता.

मग मूठच का दिसली? कारण मूठ दिसते. उशीर दिसत नाही, तो मोजावा लागतो. भीती दिसत नाही, ती विचारावी लागते. हात मात्र समोरच असतात, शिवाय त्यांना एका वाक्यात दुरुस्त करता येतं. तीस सेकंदांच्या रीलमध्ये 'ही एक चूक टाळा' असं सांगायला मुठीइतकी सोयीची गोष्ट नाही. सांगणाऱ्याला दोन मिनिटं लागतात. बदलणाऱ्याचा हंगाम जातो. आणि सुधारणा झाली नाही तर 'तू नीट बदललीच नाहीस' हे वाक्य तयार असतं. ज्या सल्ल्याची किंमत फक्त ऐकणारा मोजतो, तो सल्ला फार स्वस्तात दिला जातो.

या खेळाचा जन्मच पाहा. १९२२ साली मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने पाण्यावर उभं राहायचा हट्ट धरला. पिंपाच्या फळ्या वापरून झाल्या, बर्फावरच्या स्की वापरून झाल्या, शेवटी पाट्यांची टोकं वाकवून स्वतःच्या स्की केल्या. तरी बुडतच होता. जमलं कधी? मागे रेललो आणि स्कीची टोकं पाण्याच्या वर ठेवली तर, हे कळलं तेव्हा. हा खेळ अंगाच्या तोलातून जन्मला.

समोरच्या बाजूचा सगळ्यात बळकट मुद्दा मला माहीत आहे. ते म्हणतात, पहिली सवय म्हणजे काही निसर्ग नव्हे, तो अपघात असतो. पहिल्या दिवशी तळवा वर गेला म्हणून जन्मभर तोच ठेवायचा? हे खरं आहे, आणि मी मूठ कधीच बदलू नये असं म्हणत नाही. नवख्याने दोन्ही तळवे खाली ठेवले असतील तर बदलावेत, कारण दांडी घरंगळते आणि ते दाखवता येतं. मनगट दुखत असेल तर बदलावी. दोन्ही मुठींनी सुरेख वळणारे लोक मी तलावावर पाहिलेत. पण सवय अपघाताने लागली म्हणून ती चूक ठरत नाही. सचिन तेंडुलकर बॅट दांड्याच्या पार खाली धरायचा, कुठल्याही पुस्तकात शोभणार नाही अशी. ती मूठ कुणी हट्टाने 'सुधारली' असती तर काय गमावलं असतं, याचा हिशेब प्रत्येकाने आपापला करावा. बदल सुचवणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी आहे. नेमकं काय बिघडतंय आणि या मुठीमुळेच कसं बिघडतंय, हे दाखवा. मग बोला.

आता मी मुकाट का ऐकलं ते.

मी जन्माने डावखुरा आहे. बालवाडीत बाईंनी पाटीवरची पेन्सिल माझ्या डाव्या हातातून काढून उजव्यात दिली, रोज, शांतपणे, वर्षभर. घरी आजी प्रसाद घेताना हात हलकेच खाली करायची आणि म्हणायची, "उजवा बाळा, उजवा." कुणी मारलं नाही. सगळ्यांनी प्रेमानेच केलं. आपली भाषाही त्यांच्याच बाजूची. जो सरस तो उजवा ठरतो, ज्याला बाजूला सारायचं त्याला डावललं जातं, देव हो म्हणतो तेव्हा उजवा कौल देतो. मी उजव्या हाताने लिहायला शिकलो. अक्षर अजूनही वाईट आहे, आणि पाचवीपर्यंत त्या अक्षरावरून बोलणी खाल्ली ती मीच. ज्यांनी हात बदलला त्यांनी नाही. 'अक्षराला वळण नाही,' असं म्हणायचे. त्या वर्षाने मला शिकवलं ते एवढंच : काही जमलं नाही की आपला हात चुकीचा असतो, आणि मोठ्या माणसाने सांगितलं की तो मुकाट बदलायचा. पंचवीस वर्षांनी, दुसऱ्या खंडातल्या एका तलावात, मी तेच केलं.

हे सगळं मी आत्ता लिहितोय त्याला कारण आहे. गेल्या रविवारी दादाचा फोन आला. पुतणी चार वर्षांची आहे, डाव्या हाताने गिरवते. शाळेतून निरोप आलाय की घरी उजव्याने सराव करून घ्या, अक्षरं उलटी काढते. "तुझंही बदललंच ना रे," दादा म्हणाला, "तुला काय त्रास झाला?"

मी त्याला विचारलं, चार वर्षांची किती मुलं अक्षरं उलटी काढत नाहीत? उजव्या हाताची पोरंही काढतातच. ती टेबलावर नीट बसते का? पाय जमिनीला टेकतात का? कागद तिच्या हाताच्या बाजूला तिरका ठेवून बघितलास? दादा म्हणाला, हे काही बघितलं नाही. मी म्हटलं, मग आधी ते बघ. हात शेवटी.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आई म्हणते..."

"आईला मी फोन करतो," म्हटलं. अजून केलेला नाही. कोपरापेक्षा ते अवघड आहे. पण या रविवारी करणार आहे.