कावीळ उतरली, रक्त तपासले का?

कावीळ झाली की रुग्ण आजही प्रथम वैद्याकडे येतो. हा विश्वास आमचे भूषण आहे आणि तोच आमची जबाबदारीही वाढवितो. डोळ्यांचा पिवळेपणा गेला, अन्नाला रुची आली, की आपण रुग्णास निरोप देतो. आम्हीही एका तरुणास असाच निरोप दिला होता. सहा वर्षांनी तो जलोदर घेऊन परतला, तेव्हा प्रथमच त्याची एचबीएसएजी चाचणी झाली. ती चूक आमची होती.

हिपॅटायटिस बी वर्षानुवर्षे लक्षणांविना यकृतात राहू शकतो. जन्मसमयी मातेकडून संसर्ग झालेल्या व लस न मिळालेल्या सुमारे ९० टक्के बालकांत तो चिरकारी होतो. प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. म्हणून गर्भवती, बाधितांचे कुटुंबीय, डायलिसिसचे रुग्ण, वारंवार रक्त घ्यावे लागणारे आणि सुईने नशा करणारे यांच्या चाचणीसाठी लक्षणांची वाट पाहणे योग्य नव्हे.

'आपल्या शास्त्राला या चाचण्या कशाला?' असा प्रश्न काही वैद्यबंधू करतात. १९८८ साली मद्रासच्या अभ्यासात भूम्यामलकीने ५९ टक्के रुग्णांच्या रक्तातून एचबीएसएजी नाहीसे झाल्याचे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील अभ्यासांत तसे फल मिळाले नाही. आशा आणि तिची मर्यादा, दोन्ही चाचणीमुळेच कळल्या. आधी रोगपरीक्षा, मग औषध, हा क्रम तर आपल्याच संहितांचा आहे.

रक्तमोक्षण व क्षारसूत्र करणारे आपण स्वतःही जोखीमगटातच मोडतो. आपल्यापैकी कितीजणांनी स्वतःची चाचणी करून लसीच्या तीन मात्रा पूर्ण केल्या आहेत? एका रुग्णाला लावलेली जळू दुसऱ्यास लावू नये, हे सांगण्याची वेळ येऊ नये.

औषधविक्रेत्या बंधूंनाही विनंती आहे. काविळीचे चूर्ण वारंवार नेणाऱ्यास 'रक्त तपासले का?' एवढे अवश्य विचारावे. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत शासकीय केंद्रांत चाचणी व उपचार मोफत आहेत. चाचणी सदोष आली तर रुग्णास तेथे पाठवावे, त्याचे नाव गुप्त राखावे आणि चालू असलेले विषाणुरोधक औषध परस्पर बंद करू नये. रुग्ण दुसऱ्याकडे पाठविल्याने वैद्याची प्रतिष्ठा उणावत नाही. उशिरा पाठविल्याने मात्र उणावते.