धुकें आणि उड्डाण

पौषांत दिल्लीच्या विमानतळावर धुक्यानें खोळंबलेल्या मंडळींचा एक आक्षेप आम्ही नेहमीं ऐकतों: परगांवचें विमान समोर उतरतें, मग आमचेंच कां उडूं देत नाहींत? आक्षेप वरवर बिनतोड आहे. योग्य यंत्रसामग्री व शिक्षण असल्यास धांवपट्टी ५० मीटर दिसली तरी तेथें उतरण्याची परवानगी मिळते. उडण्यास मात्र १२५ मीटर लागतात! पण उतरतांना विमानास यंत्रच खालीं आणतें. उडतांना वैमानिकास मधल्या दिव्यांची ओळ डोळ्यांनींच धरावी लागते, व भर वेगांत इंजिन बिघडल्यास त्याच ओळीवर थांबावेंहि लागतें. पट्टी मोकळी आहे हें तर त्यास दुसऱ्याच्या शब्दावरच मानावें लागतें. १९७७ सालीं टेनेरीफ बेटावर एक विमान तो शब्द मिळण्यापूर्वींच धांवूं लागलें. पट्टीवरील दुसरें विमान धुक्यांतून दिसलें तेव्हां उशीर झाला होता. ५८३ माणसें गेलीं.