शाळेचा ग्रुप बंद करायचा की वाचण्यासारखा करायचा?

पोस्ट जरा लांब आहे, पण येत्या शनिवारच्या बैठकीआधी वाचाच.

गेल्या महिन्यात आपल्या भागातल्या एका शाळेच्या पालक ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ आला. खाली लिहिलेलं, "लोणी-धामणी रस्ता, आत्ताचा आहे, पोरांना बाहेर सोडू नका." रात्री नऊला आला आणि साडेनऊपर्यंत सगळ्या वस्त्यांवर पोचला. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात निम्मी पोरं गैरहजर. आता जुन्नर-आंबेगावच्या माणसाला बिबट्या म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र काय उगाच उभं नाही राहिलं. त्यामुळं ज्या माउलीनं पोराला घरी ठेवलं तिला मी नावं ठेवणार नाही. मीही माझ्या पोरीला त्या दिवशी गाडीवर सोडून आलो.

पण सरांनी त्या दिवशी एक वेगळीच गोष्ट केली. गणिताचा तास बाजूला ठेवला आणि हजर असलेल्या पोरांना तोच व्हिडिओ दाखवला. म्हणाले, हा आपला रस्ता आहे का ते तुम्हीच सांगा. पोरांनी थांबवून थांबवून पाहिला. एकाला गाडीची नंबरप्लेट दिसली, गुजरातची. आपल्याकडच्या गाड्या एमएच १४, पण बाहेरची गाडी इथं येऊ शकते, म्हणून त्यावर वाद झाला. मग एका पोरीनं मागं बोट दाखवलं. मागं भाताची खाचरं होती, पाण्यानं भरलेली. लोणी-धामणीला भात? आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात हो! वाद तिथंच मिटला. त्या पोरीनं वहीवर पाच ओळी लिहिल्या, सरांनी त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर मी तीन वर्षं आहे. पहिल्यांदा त्यात काहीतरी वाचण्यासारखं आलं.

आणि आता काही पालकांचं म्हणणं असं की अफवा पसरतात, तर ग्रुपच बंद करा. शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीपुढं हाच विषय आहे. माझं मत उलटं आहे, म्हणून लिहितोय.

आधी ग्रुपवर काय असतं ते प्रामाणिकपणे बघू. सकाळी सुविचार, मग वाढदिवसाचे केक, मग कुणीतरी फॉरवर्ड केलेली नोकरभरतीची जाहिरात, मधेच एका पुढाऱ्याचा फोटो, आणि शाळेकडून आलेले उपक्रमाचे फोटो. झाड लावताना वीस माणसं आणि एक रोप. खोडदला २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, आपली पोरं तिथं जाऊन आली की ग्रुपवर चाळीस फोटो येतात, सगळे त्या मोठ्या तबकडीपुढं उभे. पण ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या आपल्याच भागात का बसवल्या, त्या आकाशातलं काय ऐकतात, मोबाईलचा त्यांना त्रास का होतो, यावर एका पोरानं चार ओळी लिहिलेल्या मी आजवर पाहिल्या नाहीत. पोरांना येत नाही असं नाही. कुणी लिहायला सांगत नाही, कारण फोटो टाकला की काम झालं.

याला एकटे शिक्षक जबाबदार नाहीत. २०१६ च्या अखेरीस सरकारनंच फतवा काढला होता, दर सोमवारी मुलांबरोबर सेल्फी काढून 'सरल'वर टाका. शिक्षकांनी तेव्हा ओरड केली आणि ती रास्त होती. पण सवय लागली ती लागलीच. शिकवल्यापेक्षा शिकवल्याचा पुरावा मोठा झाला.

कोरोनात तर आपण सगळ्यांनीच भोगलंय. २०२० मध्ये रोज व्हॉट्सॲपवर अभ्यास यायचा, 'दीक्षा'च्या लिंका यायच्या. फोन घरात एक. तो बापाच्या खिशात, आणि बाप मंचरला मार्केटात कांदा घेऊन गेलेला. संध्याकाळी फोन घरी येणार तेव्हा तीन पोरं त्यावर झडप घालणार आणि चार्जिंग बारा टक्के. त्याच वर्षी डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, पुस्तकातल्या क्यूआर कोडच्या कामासाठी, आणि आपल्या छात्या फुगल्या. फुगायलाच पाहिजेत, जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे तो. पण कोड स्कॅन केला की पोरगं बघतं आणि ऐकतं. मला पोरानं लिहावं असं वाटतं, आणि ते कुणीतरी वाचावं.

ही काही नवी कल्पना नाही. साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून रोज एक अंक काढायचे, 'छात्रालय' दैनिक. रोज! ना छापखाना, ना वीज. आजच्या भाषेत तो ब्लॉगच की. तिकडं फ्रान्समध्ये फ्रेने नावाच्या खेड्यातल्या मास्तरानं त्याच सुमारास वर्गात छोटं छपाईयंत्र आणलं. पोरं आपल्या गावाबद्दल लिहायची, स्वतः खिळे जुळवून छापायची आणि दूरच्या दुसऱ्या शाळेला टपालानं पाठवायची. तिकडून तिथल्या पोरांचं यायचं. आपल्या शाळेतही हस्तलिखित निघायचं, जुन्या लोकांना आठवत असेल. वार्षिक तपासणीला टेबलावर ठेवायचे आणि साहेब गेले की परत कपाटात. वाचणारं कुणी नव्हतं म्हणून ते मेलं. तो वाचणारा आज फुकटात मिळतो.

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. ग्रुप ठेवा, पण त्यात फक्त सूचना. आणि शाळेचा एक ब्लॉग काढा, फुकट निघतो. ग्रुपवरचं लिखाण दोन दिवसांत वर सरकून गडप होतं, ब्लॉगवरचं पाच वर्षांनीही सापडतं. आठवड्याला एकच मजकूर. पोरांनी आधी वहीत लिहायचा, एकमेकांना वाचून दाखवायचा, सरांनी शंका विचारायच्या, मग चढवायचा.

विषय? गावातल्या दहा विहिरी निवडा, दर महिन्याच्या एक तारखेला दोरी सोडून पाणी किती खोल ते मोजा आणि लिहा. दोन वर्षांत आपल्याकडं असा कागद तयार होईल जो टँकर मागायला तहसीलला नेता येईल. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं अजून आहेत, त्यांच्या तोंडून ऐका, ती काय कायमची राहणार नाहीत. कांद्याची पट्टी आणा, हमाली, तोलाई, भाडं वजा करून हातात काय उरलं ते मांडा, तेच टक्केवारीचं गणित. मराठी विकिपीडियावर आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची पानं २०११ च्या जनगणनेच्या आकड्यांवर थांबलीत. ती पुढं न्यायला सातवी-आठवीच्या पोरांशिवाय कोण मोकळं आहे? 'माझे गाव' हा निबंध आता मोबाईलला विचारला तरी मिळतो, गुळगुळीत, नदीकाठचा, आमराईचा. बामणाच्या मळ्यातली विहीर यंदा मार्चलाच तळाला गेली, हे त्याला माहीत नसतं.

आणि हो, भाषा आपली असू द्या. "आमच्याकडं" लिहिलं म्हणून लाल रेघ मारू नका.

आता विरोधाचे मुद्दे, कारण ते पोकळ नाहीत. परवा एक पालक म्हणाले, ऑस्ट्रेलियानं सोळा वर्षांखालच्या पोरांना सोशल मीडिया बंद केला आणि तुम्ही इथं चालू करताय. बरोबर आहे, १० डिसेंबर २०२५ पासून तिथं बंदी लागू झाली. पण ती पोरांच्या खात्यांवर आहे. मी म्हणतोय त्यात पोराचं खातंच नाही, पोराकडं फोनही नको. खातं शाळेचं, कळ सरांच्या हातात, आणि खाली प्रतिक्रिया आली तर आधी सर वाचणार, मग दिसणार.

फोटोंच्या बाबतीत मात्र मी विरोधकांच्याही पुढं आहे. पोरांचे चेहरे ब्लॉगवर नकोत आणि खरं तर ग्रुपवरही नकोत. पूर्ण नाव नको, वस्ती नको, "इयत्ता सातवी, एक विद्यार्थिनी" एवढं पुरे. २०२३ च्या डिजिटल डेटा कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला आईबापाची संमती हे तत्त्व आहे. आपण ती कधी दिली? कुणी विचारलंय का आपल्याला? गेल्या वर्षी पोषण आहाराच्या ताटासकट माझ्या पोरीचा फोटो एका अनोळखी माणसाच्या स्टेटसला दिसला. तिच्या आईनं तो मला दाखवला, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

शिक्षकांच्या कामाचं काय, हा सर्वांत खरा मुद्दा. यू-डायस भरा, आहाराची नोंद करा, हजेरी ऑनलाइन, वर निवडणुकीचं काम, आणि हे सगळं स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर. त्यात ब्लॉग म्हणजे अजून एक ओझं झालं, त्याचाही अहवाल कुणी मागायला लागलं, तर तो सहा महिन्यांत हस्तलिखिताच्याच वाटेनं जाईल. म्हणून टाइप करायचं काम गावानं उचलावं. कॉलेजला जाणारी दहा-बारा पोरं आहेत आपल्याकडं, पारावर रील बघतच बसलेली असतात. त्यांना आठवड्याला एक पान काही जड नाही. आणि कुठल्याही साहेबाला फोटो, तक्ता, अहवाल काहीही द्यायचं नाही, हे समितीनं ठरावातच लिहून घ्यावं.

बैठक शनिवारी दुपारी चारला आहे. ग्रुप बंद करा म्हणणाऱ्यांनीही या, तुमचं ऐकायचंय. माझ्याकडं एक जुना लॅपटॉप पडून आहे, बॅटरी गेलीय पण वायर लावून चालतो. तो मी त्या दिवशी घेऊन येतोय. विहिरीसाठी पन्नास मीटरची मोजायची टेप कुणाकडं असेल तर कमेंटमध्ये सांगा.