अनुदान आणि त्यामागची अट

केरळच्या डाव्या आघाडीच्या मंत्रिमंडळात ऑक्टोबर २०२५ मध्ये उसळलेला वाद वरवर पाहता एका करारपत्रावरील सहीचा होता. ‘पीएम श्री’ या केंद्रीय योजनेत सामील होण्याच्या करारावर राज्याच्या शिक्षण खात्याने सही केली आणि आघाडीतील दुसऱ्या क्रमांकाच्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाने तिला उघड विरोध केला. अखेर २९ ऑक्टोबरला मुख्यमंत्री पिनरायी विजयन यांनी मंत्रिमंडळाची उपसमिती नेमली आणि अंमलबजावणी स्थगित ठेवण्याचे जाहीर केले. एकाच सरकारातील एक पक्ष पैसा घ्यावा म्हणतो आणि दुसरा नको म्हणतो, हे दृश्य विरोधकांच्या टीकेला आयतेच निमित्त देणारे होते. परंतु दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते, हेच या वादाचे खरे मर्म आहे.

‘पीएम श्री’ योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली. देशातील सुमारे १४,५०० शाळा आदर्श शाळा म्हणून विकसित करावयाच्या आणि पाच वर्षांत २७,३६० कोटी रुपये खर्चावयाचे, असा तिचा आराखडा. मात्र करारपत्रान्वये राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० हे संपूर्ण राज्यात स्वीकारणे राज्यावर बंधनकारक ठरते. निवडक शाळांसाठी पैसा आणि सगळ्या शाळांसाठी धोरण, असा हा सौदा आहे.

एवढ्यावरच गोष्ट थांबली असती, तर न पटणाऱ्या राज्याने योजना नाकारून प्रश्न मिटवला असता. पण करार न करणाऱ्या राज्यांचे ‘समग्र शिक्षा’चे अनुदानही अडवले गेले. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतून गणवेश, पाठ्यपुस्तके, अपंग मुलांचे शिक्षण, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांचे मानधन असे रोजचे खर्च भागतात. बहुतेक राज्यांत त्यातील ६० टक्के वाटा केंद्राचा असतो. केरळचे सुमारे दीड हजार कोटी रुपये अडकले होते आणि तेवढ्यासाठीच सही केली, असे शिक्षणमंत्री व्ही. शिवनकुट्टी यांचे म्हणणे होते. तमिळनाडूने दुसरा मार्ग धरला. २,२९१ कोटी रुपयांच्या वसुलीसाठी त्या राज्याने मे २०२५ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

केंद्राची बाजू अगदीच पोकळ नाही. शिक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला आहे. आपल्या पैशातून काय साधावे, हे सांगण्याचा केंद्राला अधिकार आहे. आणि ‘समग्र शिक्षा’ योजनेची २०२१ मध्ये नव्या धोरणाशी सांगडही घातली गेली आहे. परंतु ज्या योजनेचा पैसा, तिचीच अट, हा साधा न्याय येथे मोडला गेला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे शिक्षण हा २००९ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. या कायद्याखालील खर्चाचा केंद्राचा वाटा शिक्षण धोरणाच्या स्वीकाराशी जोडण्याचे कारण नाही, अशा आशयाचा अभिप्राय मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये दिला, तो याच तत्त्वाला धरून होता.

राज्यांनीही आत्मपरीक्षण करावयास हवे. साऱ्या राज्याच्या शिक्षणक्रमावर परिणाम करणारा करार सचिवाच्या सहीने व्हावा आणि चर्चा मागाहून सुरू व्हावी, ही रीत लोकशाहीला शोभणारी नव्हे. अशा कराराच्या अटी आधी विधिमंडळापुढे आल्या, तर पैसा किती आणि त्याची किंमत काय, हे सर्वांना उघड दिसेल. मग निर्णय कोणताही होवो, त्याची जबाबदारीही निश्चित राहील.

धोरणावरील मतभेद संघराज्यात स्वाभाविकच आहेत. ते न्यायालयात, संसदेत किंवा निवडणुकीत सुटावेत. तोवर अपंग मुलाला शिकवणाऱ्या कंत्राटी शिक्षिकेचे मानधन दोन सरकारांच्या ताणाताणीत ओलीस राहता कामा नये. तिने कोणत्याही करारावर सही केलेली नाही.